लाल वहीतलं शेवटचं नाव

देल्फिनकाकांच्या शवपेटीपुढे वीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि वीसही रिकाम्या होत्या. टेबलावरचा पत्त्यांचा जोड कोणी उघडलासुद्धा नव्हता. पुंता सालोग गावात मयताच्या घरी जागरणाला पत्ते कुटायलाही कोणी येऊ नये, हे नोनोंगने जन्मात पाहिलं नव्हतं.

पेटीच्या काचेवर कोंबडीचं एक पिल्लू तांदूळ टिपत होतं.

"हे तर खून झालेल्याच्या पेटीवर ठेवतात," नोनोंग पुटपुटला. "काका हार्ट अटॅकने गेले ना?"

"गेले नाहीत, घालवलं त्यांना," देल्फिनची मुलगी लिगाया म्हणाली. "पिल्लू टोचतं ते मारणाऱ्याच्या काळजाला. सालुदताई, उद्या दफन आहे. पेटी उचलायला सहा माणसं लागतात, माझ्याकडे एक नाही. माझा बाप गद्दार नव्हता, एवढं दाखवून द्या."

सालुदने पोलिसात पंचवीस वर्षं कारकुनी केली होती. आता ती खाजगी तपास करायची आणि नोनोंग तिला आपल्या तीनचाकीतून फिरवायचा. अक्कल ताईची, पेट्रोल आपलं, असं तो म्हणायचा. आज मात्र त्याची मान खाली होती.

गेल्या रविवारी बास्केटबॉलची फायनल झाली. तीस वर्षं देल्फिनकाका पुंताच्या संघासाठी आल्याचं पाणी उकळून न्यायचे, तसं त्यांनी त्याही दिवशी नेलं. शेवटच्या दहा मिनिटांत कर्णधार आर्विन पोट धरून खाली बसला आणि सान रोकेचा संघ दोन गुणांनी जिंकला. भोंगा वाजतो न वाजतो तोच आर्विन ओरडला, "म्हाताऱ्याने पाण्यात काहीतरी घातलंय! सान रोकेवर पैसे लावलेत त्याने!"

लोकांनी काकांना घेरलं. "लावलेत का?" काका एवढंच म्हणाले, "लावलेत." बुधवारी सकाळी ते अंथरुणातून उठलेच नाहीत.

"पाणी कोण कोण प्यायलं?" सालुदने विचारलं.

"सगळा संघ. उरलेलं मी प्यायले," लिगाया म्हणाली.

"त्या सकाळी बाबा काही बोलले होते?"

"पंधरा जणांच्या शेवया, पान्सित, करून ठेव म्हणाले, पोरं जिंकून येतील." लिगायाला हुंदका आवरेना. "अख्खी कढई नासली, ताई. डब्यातले औषधाचे तीन हजारही गेले."

सालुद तिथून बेबांगमावशीच्या दुकानात गेली. साबण-सुकटीच्या आडून बेबांग पैजा घ्यायची. पुंतावर लावायचे तर निळी वही, समोरच्या संघावर लावायचे तर लाल. ज्याने त्याने आपलं नाव आपल्या हाताने लिहायचं.

"वह्या दाखव," सालुद म्हणाली.

"वीस वर्षांत कोणाचं नाव माझ्या तोंडून बाहेर गेलेलं नाही. गेलं तर उद्या कुत्रं फिरकायचं नाही इथे."

"देल्फिनचं तरी?"

"मेलेल्याचं कसलं आलंय गुपित." तिने निळी वही उघडली. "यंदा पाच वेळा लावले. पाचही पुंतावर, पाचही बुडाले."

"गावाला माहीत आहे ते," नोनोंग म्हणाला. "काकांनी पैसे लावले की आपण हरलोच. पांढऱ्या पायाचे म्हणायचो आम्ही त्यांना. त्यांनी हात आखडला की जिंकायचो."

बेबांगने लाल वही काढली. रविवार सकाळ, देल्फिन, तीन हजार पेसो. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. ती तिने तळव्याने झाकली.

"हे शेवटचं नाव. हा जिवंत आहे," ती म्हणाली.

आर्विन मैदानावर एकटाच चेंडू टाकत होता.

"पोट कसं आहे?" सालुदने विचारलं.

"अजून कळ येते, ताई."

"येणारच," नोनोंग कळवळून म्हणाला. "त्या रात्री मीच घरी सोडला ह्याला. उभं राहवत नव्हतं बिचाऱ्याला. अशक्तपणा नको म्हणून गोतो खायला घातला, आतडं घातलेली भाताची पेज, वर मिरची आणि व्हिनेगर. दोन वाडगे खाल्ले, तिसरा नको म्हणाला."

सालुदने नोनोंगकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग आर्विनला विचारलं, "काकांनी लाल वहीत लिहिलंय, हे तुला कोणी सांगितलं?"

"बेबांगमावशीच बोलली असेल कोणापाशी."

"बरं. संध्याकाळी संघाला घेऊन मयताला ये. कर्णधार आला नाही तर बरं दिसत नाही."

संघ आला आणि दाराशीच घुटमळला. मागून बेबांगही येऊन टेकली. सालुद पेटीशेजारी उभी होती.

"जो संघाला हरवायला निघालाय, तो विजयाचं पान्सित रांधायला सांगत नाही. पाणी सगळे प्यायले, पोट एकाचंच दुखलं. त्याच पोटात त्याच रात्री दोन वाडगे गोतो गेला. म्हणजे पोट दुखलंच नव्हतं."

आर्विनने नोनोंगकडे पाहिलं.

"देल्फिनने नाव लिहिलं रविवारी सकाळी. बेबांग कोणाचं नाव सांगत नाही. मग ते दिसणार कोणाला? त्याच्यानंतर लाल वही ज्याच्या हातात गेली, त्यालाच. त्याच्याखाली ओळ एकच आहे. आर्विन, भोंगा वाजताच तू काकांचं नाव घेतलंस. ते वाचलंस कुठे?"

बेबांगने मान खाली घातली.

"ते मरतील असं वाटलं नव्हतं," आर्विन म्हणाला. "नाव समोर दिसलं, वापरलं."

"पण काकांनी तरी सान रोकेवर का लावले?" संघातल्या एकाने विचारलं.

"पांढऱ्या पायाचा माणूस आणखी काय करणार? आपण ज्याच्यावर लावतो तो हरतो, म्हणून औषधाचे पैसे समोरच्यावर लावले. तुम्ही जिंकावं म्हणून," सालुद म्हणाली. "आणि जन्मात पहिल्यांदा त्यांची पैज लागली. आपणच पोरांना बुडवलं, असं समजून ते गप्प बसले."

आर्विन बाहेर पडला, त्याला कोणी अडवलं नाही. बाकीचे एकेक करून आत आले आणि खुर्च्यांवर बसले.

"उद्या पेटी आम्ही पाच जण उचलू," एक जण म्हणाला.

नोनोंगला जरा हायसं वाटलं. "लिगाया, आता ते पिल्लू काढू का?"

लिगायाने त्याच्याकडे पाहिलं.

"नोनोंगदादा, त्या दिवशी बाबांच्या अंगावर थुंकलं ते कोण?"

नोनोंगने पिल्लाकडे नेलेला हात मागे घेतला.

"राहू दे ते तिथेच," ती म्हणाली. "सगळी गल्ली यायची आहे अजून."

पिल्लू टकटक काच टोचत राहिलं. नोनोंग त्या पाच जणांत सहावा म्हणून उभा राहिला. काकांच्या चेहऱ्याकडे मात्र त्याला बघवेना.