मेनूतलं चौथं दार

“त्या दोघांना म्हणावं टीव्ही बंद करा आता, आणि मामांना पाणी नेऊन दे,” असं सासूबाईंनी सांगितलं, म्हणून ती पाण्याचा जग घेऊन बाहेरच्या खोलीकडे निघाली. शनिवारची रात्र, साडेअकरा वाजून गेलेले. लग्नाला दीड महिना झाला होता. नव्या सुनेला घरात कुणी फारसं काही सांगत नाही, पण तिला दिसतं सगळं. दाराशी पडलेल्या चपला बघून कोण घरात आहे आणि कोण नाही, हे ती आता न विचारता ओळखायची. दिराच्या चपला एकमेकींशी भांडल्यासारख्या दोन दिशांना. नणंदेच्या भिंतीला टेकून उभ्या. आणि मामांच्या, म्हणजे सासूबाईंच्या भावाच्या, शिस्तीत, टोकं बाहेर, केव्हाही निघायला तयार.

आत दीर आणि नणंद कोण आधी खेळणार यावरून हमरीतुमरीवर आले होते. दिराने दुपारी कुठून तरी जुना, वापरलेला व्हिडिओ गेम आणला होता. भांडण मिटेपर्यंत खेळ मेनूवर थांबून राहिला होता. पडद्यावर एका घरातला बोळ, ओळीने तीन दारं. एकावर ‘नवा खेळ’, दुसऱ्यावर ‘पुढे चालू’, तिसऱ्यावर ‘सेटिंग’. पलीकडे कोरी भिंत आणि भिंतीशी बाईमाणसाच्या चपला. टोकं भिंतीकडे, डावी जराशी तिरकी. तिने सवयीने पाहिलं आणि सोडून दिलं. मागे पियानोचे चार सूर पुन्हा पुन्हा वाजत होते.

हात पुसत मामा दारापाशी आले आणि थबकले. पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. नुसते ऐकत राहिले.

“ते बंद कर,” ते म्हणाले.

“मामा, एकच डाव...”

“खेळायचं तर खेळ. पण मेनूवर सोडून बसायचं नाही. हा तर नाहीच.”

दिराने आवाज तेवढा बंद केला. पडदा तसाच राहिला. मामांनी टीव्हीकडे पाठ करून खुर्ची ओढली. “का पण?” नणंदेने विचारलं. मामा पाणी प्यायले आणि मग सांगायला लागले. वहिनीला कुणी जा म्हटलं नाही, म्हणून तीही दाराशी टेकली.

मामांची सगळी नोकरी गेम बनवणाऱ्या एका कंपनीत गेली होती. चाचणी विभागात. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या. मामींचं म्हणणं, हा गुण नोकरी लागण्याच्या आधीपासूनचा.

त्या कंपनीत एक पोरगा होता. सगळे त्याला मेनूवाला म्हणायचे, कारण खेळ सुरू व्हायच्या आधी जे दिसतं तेवढंच तो करायचा. त्याला आईबाप नव्हते. थोरल्या बहिणीने वाढवलं होतं, आणि दोघं तळमजल्यावर भाड्याच्या घरात राहायची. ताई औषधांच्या दुकानात कामाला. “लोकांचे भाऊ राजवाडे बांधतात, आमचा नुसती कडी लावतो,” म्हणायची, पण दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकालाही भावाचं कौतुक ऐकवल्याशिवाय सोडायची नाही.

या खेळाच्या मेनूसाठी त्याला चार दारांचा बोळ हवा होता. तीन दारं रोजची. चौथं ‘खास’. खेळ पूर्ण जिंकल्यावरच ते उघडणार आणि आतलं बक्षीस मिळणार: चित्रकारांची पहिली चित्रं, टाकून दिलेली गाणी, कुठल्या तरी कोपऱ्यात लपवलेली गंमत. पण ते सामान अजून तयार नव्हतं. तोवर दारामागे काही नाही, नुसता काळा रंग. दारं तरी कुठून आणायची? या धंद्यातले लोक करतात तेच त्याने केलं. घरातल्या बोळाचे फोटो काढले आणि तात्पुरते चिकटवले.

“आणि तात्पुरतं केलेलं काम,” मामा म्हणाले, “आमच्याकडे कधी निघत नाही.”

घरातही चौथं दार होतं. भिंतीच्याच रंगाने रंगवून बुजवलेलं, कडी काढलेली. घरमालक म्हणाले होते, ते नुसतं दिसायला आहे, मागे शेजारच्यांची भिंत. फोटो काढताना ताईच्या चपला मधे येत होत्या. कायम तिरक्या काढायची ती. “चपला उचल गं,” तो म्हणाला. “उचल तूच, हात आहेत की,” ती म्हणाली. त्यानेच उचलल्या आणि मग फोटो काढला.

चाचणीवाल्यांची एक पद्धत असते. खेळ मेनूवर सोडायचा आणि घरी जायचं. रात्रभर कुणी हात लावत नाही. सकाळी तो जिवंत आहे की बंद पडलाय ते बघायचं. मामांकडची पोरं त्याला भिजत घोंगडं म्हणायची. तर एका सकाळी एक पोरगी म्हणाली, “सर, चौथं दार बोटभर उघडं आहे.”

मेनूवाला हसला. “उघडेल कसं? त्याला उघडायची हालचालच दिलेली नाही. फोटो आहे तो.”

मामांनी रात्रीचं चित्रण काढून पाहिलं. दार हललेलं कुठेच दिसेना. बंद होतं. बंद होतं. मग उघडं होतं.

दुसऱ्या सकाळी वीतभर.

मेनूवाल्याने घरी जाऊन खरं दार तपासलं. रंग जसाच्या तसा, कुठे चीर नाही. ताई गादी घालत होती. ती म्हणाली, “आता काय त्याला न्याहाळतोस? आता शहाणं झालंय ते. हल्ली ठोकत नाही.”

“काय ठोकत नाही?”

“अरे, रात्री ठोकल्यासारखं व्हायचं तिथून. जुनी घरं वाजतात, म्हणून तुला बोलले नाही. तू फोटो काढलेस ना, त्या रात्रीपासून बंद झालं. झोप लागते बाई आता.”

हे त्याने मामांना सांगितलं ते हसत हसतच. पण हसताना तो बोटं मोडत होता.

नणंद मामांच्या खुर्चीजवळ सरकली. दिराने उशी पोटाशी धरली.

फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. शुक्रवारी सकाळी खेळ डिस्कवर छापायला जायचा होता. त्या दिवशी दार अर्धं उघडं सापडलं होतं, आणि साहेबांनी फर्मान काढलं: कारण शोधत बसू नका, दारच काढा. ‘खास’ची एक साधी ओळ सेटिंगमध्ये घाला. रात्री ऑफिसात दोघंच उरले, मेनूवाला आणि मामा. बाकीचे दिवे घालवलेले.

त्याने चौथं दार पुसलं. त्या जागी भिंतीचा तुकडा चिकटवला. पडद्यावर तीन दारं राहिली. दोघं बघत बसले. काही नाही. छान, स्वच्छ भिंत.

“सुटलो,” तो म्हणाला, आणि उशीर होईल म्हणून कळवायला त्याने ताईला फोन लावला. हात कामात होते, म्हणून फोन टेबलावर ठेवला. मामांना सगळं ऐकू येत होतं.

“ताई, झोपली होतीस?”

“कसली झोप? परत ठोकायला लागलंय बघ ते.”

त्याचा हात थांबला. “कधीपासून?”

“हे काय, आत्ताच. पाच मिनिटं झाली असतील. पण असं नव्हतं रे आधी. आधी हळू असायचं. आता...”

आवाज त्यांनाही ऐकू आला. फोनमधून. तळहाताने मारल्यासारखा.

“ताई, बोळात जाऊ नकोस. बाहेर पड. शेजारी जा.”

“बाहेर जायला बोळातूनच जायचं ना, वेड्या? थांब, चपला घालते.”

चपलांचा आवाज. चट. चट. चट.

ठोकणं थांबलं.

“थांबलं बघ,” ताई म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, “तू... घरी आलास का?”

“नाही. ताई, मी ऑफिसात आहे.”

“मग हा कोण...”

पुढे काही नाही. श्वास नाही. फोन चालू होता, पलीकडे जागा मोठी झाल्यासारखं वाटत होतं. एवढंच.

तो ओरडला नाही. पडद्याकडे वळला आणि पुसलेलं दार परत आणायला लागला. बोटं चुकत होती. दार आलं. बंद. “उघड,” तो पडद्याला म्हणत होता. “उघड ना.” त्याला उघडायची हालचालच नव्हती.

दोघं तसेच घरी धावले. घराचा दरवाजा आतून कडी लावलेला. तोडावा लागला. गादी अंगाच्या उबेने अजून कोमट. बोळात तिचा फोन, चालू. खिडक्या बंद. चौथ्या दाराचा रंग शाबूत, कुठे चीर नाही.

ताई नाही.

“पोलीस आले, सगळं झालं,” मामा म्हणाले. “सकाळी खेळ छापायला गेला. तीन दारांचा. चार दारांचा त्याच्याकडेच राहिला. तो अजून त्याच घरात आहे. रात्री मेनू लावतो, बोळात बसतो, कशाला हात लावत नाही. कधी तरी उघडेल म्हणतो.”

नणंद हळूच म्हणाली, “आणि तीन दारांचा?”

“त्यात काय आहे? भिंत आहे.”

तेव्हा दाराशी टेकलेली वहिनी पहिल्यांदा बोलली. मोठ्या माणसांसमोर ती फारशी बोलत नसे, म्हणून सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

“मामा, ताईंच्या चपला... सापडल्या?”

“नाही. त्या पायातच असणार. का गं?”

“आणि खेळात चपला होत्या का? भिंतीशी?”

“खेळात? छे. सांगितलं ना, फोटो काढताना त्याने उचलल्या होत्या. प्रत्येक कोपरा मी तपासलाय, त्या बोळात वस्तूच नव्हती एकही.” मामा थांबले. “का विचारलंस?”

ती मामांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. टीव्ही मुका, चालूच होता. तीन दारं. कोरी भिंत. चपला तिथेच, डावी जराशी तिरकी. पाणी घेऊन ती आत आली, तेव्हा त्यांची टोकं भिंतीकडे होती.

आता टोकं खोलीकडे होती.