उषाआजींच्या खिडकीवरची टकटक

"श्वास रोखा," ऋता कुजबुजली. "आता होईल बघा."

जिन्यात तिघं एकमेकांना खेटून बसली होती. ऋता, तिची धाकटी बहीण जयू आणि सुट्टीसाठी पुण्याहून आलेला आतेभाऊ आल्हाद. दिवेलागणीची वेळ, आणि रोजच्यासारखी नेमकी तेव्हाच अख्ख्या फ्रीगंज भागाची लाइट गेलेली. टावर चौकाकडचा गोंगाटसुद्धा कुणी गळा दाबल्यासारखा बसला होता.

टक्... टक्... टक्.

समोरच्या बंद दाराआड बांगड्या किणकिणल्या. मग शेजारच्या उषाआजींचा आवाज आला. घाबरलेला नाही, चांगला हसरा! ऋताच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"आलात? थांबा, उघडते. चहा तयारच आहे."

आजोबा तर संक्रांतीलाच गेले होते.

खिडकी करकरली. एक कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. मग दुसरा.

"भूत चहा पितं?" आल्हादनं विचारलं. जयूचा फ्रॉक मात्र त्यानं मुठीत घट्ट धरला होता.

"पुण्यातली नसतील पीत," जयू म्हणाली. "इथली पितात."

ऋताला हसू आलं नाही. परवा आजींना मोतिबिंदूच्या ऑपरेशनसाठी इंदूरला जायचं होतं. आता उशीर केला तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आजी हटूनच बसल्या होत्या. "मी नाही जायची. संध्याकाळी हे येतात. खिडकी कोण उघडेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्हाद धापा टाकत आला. "भूत सापडलं! वरचे चौबेजी. मामीला सांगत होते, मी ऐकलं. म्हणाले, 'मैंने बहुत चेष्टा की, रोज की.' बघ, रोज चेष्टा करतात आणि वर सांगतात!"

जयूनं लगेच भैरवगढच्या कापडछपाईच्या पक्क्या रंगाची पुडी काढली. "त्यांचं धोतर निळं करून टाकते."

"थांब गं. पुढे काय म्हणाले?"

"'पर माताजी मानती ही नहीं.'"

ऋतानं कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, हिंदीतली चेष्टा म्हणजे प्रयत्न! ते आजींना इंदूरला जा म्हणून रोज समजावतात. आणि आपण त्यांनाच रंगवायला निघालो होतो."

जयूनं पुडी गुपचूप खिशात घातली.

"मग आपली मराठी चेष्टा कोण करतंय?" आल्हादनं विचारलं.

तिघं अंगणात गेली. नुकतीच आलेली केबलची काळी वायर गच्चीवरून खाली उतरली होती. ऋता डोळे बारीक करून बघत राहिली. वायरीला लपेटून एक काळा दोराही उतरला होता. दोऱ्याच्या टोकाला लोखंडी नट, आजींच्या खिडकीशी. दुसरं टोक वरच्या मजल्यावर, श्रीधरकाकांच्या खोलीत.

बँकेतले श्रीधरकाका! होळीला गुजियांच्या सारणात मीठ भरणारे. त्यांच्या प्रत्येक गमतीवर ऋता पोट धरधरून हसली होती. आता वरच्या खिडकीतून त्यांचाच आवाज येत होता, फोनवरचा. "अरे, रोज चहा ठेवते म्हातारी! दोन कप!"

ऋतानं दोघांना जिन्यात ओढलं.

"आजींना सांगायचं?" जयूचा आवाज बारीक झाला. "किती खूश असतात गं त्या."

"नाही सांगितलं तर डोळा जाईल."

काका बँकेत गेल्यावर ऋतानं नट सोडवला आणि आजींच्या हातावर ठेवला. फार काही बोलावं लागलं नाही. आजी तो बोटांनी चाचपत राहिल्या. दोन्ही कप कट्ट्यावर उपडे होते.

"श्रीधर का?"

ऋतानं होकारार्थी मान हलवली. आजींनी डोळ्यांना पदर लावला. मग त्या म्हणाल्या, "आजही लाइट जाईल ना गं?"

गेली! श्रीधरकाकांनी अंधारात दोरा ओढला. आवाज नाही. पुन्हा ओढला. काहीच नाही.

टक्... टक्... टक्.

त्यांच्याच दारावर.

"कौन है?" काकांनी दार उघडलं. समोर पांढरी साडी, डोक्यावरून पदर आणि पुढे आलेला वाफाळता कप.

"आज मीच वर आले. चहा घ्या."

काका किंचाळत पलंगावर चढले आणि मच्छरदाणीसकट खाली आले. आल्हादनं टॉर्च लावला. मच्छरदाणीत गुंडाळलेले काका बघून आजी हसायला लागल्या, आणि कप हिंदकळेपर्यंत हसल्या. हसून हसून जयू जिन्यातच बसली. शेवटी काकांनाही हसू फुटलं.

"आजी, मी नुसती चेष्टा..."

"खरी चेष्टा ही, श्रीधर. बघ, तूसुद्धा हसलास. तुझ्या चेष्टेत मला कुणी हसायला बोलावलंच नव्हतं."

काकांचं हसू विरलं. "चुकलंच माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ऑटो उभी राहिली. सोबतीला चौबेजी निघाले होते. "शाबाश बिटिया," ते ऋताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. "जो मुझसे न हुआ, तुमने कर दिखाया." आईनं तर शेजारणींसमोर तिची पाठ थोपटली.

आजींनी कुलूप लावलं आणि किल्ली श्रीधरकाकांच्या हातात दिली.

"रोज दिवा लाव. आणि संध्याकाळी खिडकी वाजलीच, तर उघड हो. साखर कमी लागते ह्यांना."

काकांनी आधी ऋताकडे पाहिलं, मग आजींकडे. ऑटो कोपऱ्यावरून वळली तरी हसावं की नाही, हे काही त्यांचं ठरत नव्हतं.