चालू चक्कीची दुरुस्ती

“मॅडम, माही चक्की गेली! या लवकर!”

फोनवरची बाई रडत नव्हती, ओरडत होती. फौजदार विजयमाला राठोडने हातातला चहा तसाच ठेवला आणि जीप काढायला लावली.

केनवडला ती पोचली तेव्हा बाजाराच्या टोकाला, शेडपुढे, निम्मं गाव जमलं होतं. फोन करणारी शाहजादी, चाळिशीची विधवा, कमरेवर हात ठेवून उभी होती. लसणाचा असा दर्प, की हवालदार रंगरावांनी रुमाल नाकाला लावला. लसूण-मिरचीची चटणी हाच शाहजादीचा धंदा. परदेशातल्या दानशूरांनी गरीब बायकांसाठी पैसे पाठवले, इथल्या एका संस्थेने ते घेतले आणि त्यातून तिला मसाला चक्की मिळाली. त्या चटणीवर तिने पोराला, जुनैदला, आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवलं. आता चक्कीच्या जागी सिमेंटचा रिकामा ओटा होता.

विजयमाला वाकली. ओट्यातले बोल्ट जागच्या जागी होते, फक्त त्यांच्यावरचे नट काढून नेले होते. वायर कापलेली नव्हती, नीट सोडवलेली होती. खिळ्याला टांगलेल्या चाळण्याही गायब. आणि कुलूप किल्लीने उघडून परत लावलेलं.

“किल्ल्या किती?”

“दोन. एक माह्याजवळ, एक संस्थेच्या हापिसात.”

“रात्री इथं कोण झोपते?”

“कोणी नाई. घर तिकडं गावात आहे ना.”

“चक्की कोणी मागितली होती?”

“मागितली म्हंजे... पवनसर गेल्या हप्त्यात म्हने, दुरुस्तीले द्या. मी म्हटलं, चालू चक्कीची कायची दुरुस्ती? नाई देली.”

तेवढ्यात पवनसर आलेच. संस्थेचे समन्वयक. पांढराशुभ्र शर्ट, संस्थेची गाडी, चेहऱ्यावर सुतक.

“मॅडम, लेखी तक्रार देतो. यांच्या मुलावर माझा संशय आहे. आमची किल्ली कपाटात बंद आहे, म्हणजे उघडलं कोणी? भंगारात घातली असणार. उद्या देणगीदारांच्या पाहुण्या येणार आणि आज हा तमाशा! आम्ही यांच्यासाठी मरमर मरतो, पण गरिबाच्या हातात वस्तू टिकत नाही, हेच खरं.”

शाहजादी सरांच्या अंगावर धावली. रंगरावांनी तिला आवरलं.

जुनैदला ठाण्यात आणावं लागलं. पोरगा विशीचा, सरळ डोळ्यांत पाहून बोलणारा.

“चक्की कोणाले विकली?”

“मायची चक्की मी कायले विकीन?”

“पैसे लागले असतीन.”

“पैसे चक्कीतूनच येतात ना, मॅडम. ते विकून काय खाऊ?” मग त्याचा आवाज उतरला. “मले पुण्याच्या कारखान्यात नोकरी लागून राह्यली. पोलिसाचा दाखला पाह्यजे. माह्या नावावर चोरी चढली, त गेलं सगळं.”

तो बाहेर गेल्यावर रंगराव म्हणाले, “फुकटाचं देलं का असंच होते, मॅडम. ज्याले घाम नाई गाळावा लागला, त्याची किंमत नाई राहत.”

विजयमालाला तेही पुरतं खोटं वाटेना. अनुदानाच्या कोंबड्या सणाला कापून खाल्लेली माणसं तिने पाहिली होती. पण ते नट तिच्या डोक्यातून जात नव्हते.

“रंगराव, भंगारवाला नट सोडवत बसते का?”

“कायले? तो बोल्टबी कापून नेईन. लोखंड ते लोखंड.”

“अन् चाळण्या?”

भंगारवाल्याला चाळणीचं काय करायचं? चाळणी नेतो तो दळणारा. आणि नट नेतो, पण बोल्ट ठेवून जातो तो, ज्याच्या दुसऱ्या ओट्यावर तसलेच बोल्ट आधीच रोवलेले आहेत. विजयमालाने जुनैदला घरी जाऊ दिलं, पण गाव सोडायचं नाही अशी ताकीद दिली. मग संस्थेने असे ओटे कुठल्या कुठल्या गावांत बांधले, ते फोन करून विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांचा पहिला थांबा होता शिरपूर जैनला, संस्थेच्या तिथल्या बचत गटाकडे. हद्द दुसऱ्या ठाण्याची, म्हणून तिथल्या साहेबांना कळवून विजयमाला निघाली. “शाहजादीले घेऊन मागून या,” एवढंच तिने रंगरावांना सांगितलं.

दारात रांगोळी, हारतुरे, लेझीम. मधोमध ओट्यावर हिरवीगार चक्की. एकच परदेशी बाई आली होती, उन्हाने लाल झालेली, सगळ्यांना हात जोडणारी. पवनसर तिला इंग्रजीत सांगत होते की वर्षभर ही चक्की अखंड चालू आहे आणि पंधरा घरांची चूल तिच्यावर पेटते. बाई भारावून मान हलवत होती. विजयमालाने जाता जाता चक्कीला बोट लावलं. बोट हिरवं झालं.

तेवढ्यात फाटकाशी आरडाओरडा उठला. जैन यात्रेकरूंच्या भोजनालयाचा आचारी धनेपुडीचं पोतं घेऊन आत घुसला आणि त्याने ते गटाच्या अध्यक्ष पौर्णिमाबाईंच्या पायाशी आपटलं.

“घ्या तुमचं परत! आमच्या सैपाकात कांदा-लसन चालत नाई, ठाऊक नाई तुमाले? हे नाकाले लावून पाहा!”

“दादा, लसन त आमी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाई! तुमच्या भरवशावर आमचा धंदा आहे. देवाशप्पथ!” पौर्णिमाबाई रडकुंडीला आल्या.

“नंतर, नंतर बोलू,” पवनसर घाईने मध्ये पडले.

विजयमालाने चिमूटभर पूड नाकाशी नेली. केनवडच्या शेडमधलाच लसणाचा दर्प. तिचं डोकं तडकलं.

“पौर्णिमाबाई, ही चक्की कधीपासून चालवता?”

“वर्षापासून,” पवनसर म्हणाले.

“तुम्हाले नाई विचारलं.”

पौर्णिमाबाईंनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा पोत्याकडे. धंदा बुडताना माणूस किती दिवस भीड ठेवणार?

“उद्घाटन झालं, फोटो काढले, अन् आठ दिवसांत दुरुस्तीले नेली. तवापासून आमी बाया उखळात कुटून राह्यलो. परवा रात्री आली. काल सकाळी सरांच्या मानसानं रंग देला. सर म्हने, पाहुण्या येईपर्यंत चालवू नका. मी म्हटलं, वर्षभर हात सोलले, आता कायले थांबू? संध्याकाळी दळलेच धने.”

जीप येऊन थांबली. शाहजादी उतरली आणि हिरव्या चक्कीकडे पाहतच राहिली.

“थांबा तिथंच,” विजयमाला म्हणाली. “तुमच्या चक्कीले काही खूण होती?”

“झाकनाच्या आतून तडा गेलता. जुनैदनं जोडला. तीन टाके, मधला वाकडा.”

रंगरावांनी झाकण उघडलं. बाहेरून हिरवं, आतून मिरचीने लाल, कडेला वाळलेल्या लसणाचे कण. आणि तीन टाके. मधला वाकडा.

“आता ऐका,” विजयमाला म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो उतरवायचाही नव्हता. “पैसे आले सगळ्या गावांच्या चक्क्यांचे. ओटे सगळीकडं बांधले, एकाच मापाचे, कारण सिमेंट स्वस्त असते. चक्क्या घेतल्या एक-दोन. पाहुण्या जिथं जातीन तिथं तीच चक्की जाई, अन् बाकीच्या गावांत दुरुस्तीचं नाव. आजवर निभलं. पण शाहजादीबाई धंदा करत होती. तिनं चक्की सोडली नाई, म्हणून यानं हापिसातल्या किल्लीनं शेड उघडली. केनवडचा ओटा रिकामा दिसला असता, त्याचा बंदोबस्त म्हणून पोराले चोर केलं. रंग देला, मिरची झाकली. लसूण काही रंगानं झाकत नाई. दुसऱ्या कोण्या गावात खपूनही गेलं असतं हो. यानं नेली कुठं, त जिथं लसणाचं नाव काढलं का पोतं परत येते तिथं!”

“पुरावा काय?” पवनसर ओठांवरून जीभ फिरवत म्हणाले. “बाकी गावांच्या चक्क्या आहेत.”

“मानोऱ्याकडची कुठं आहे?”

“दुरुस्तीला.”

“पोहरादेवीची?”

“...दुरुस्तीला.”

“अन् आपल्या इथल्या मालेगावची?”

पवनसर एकदम उसळले, “मी नसतो तर एक तरी आली असती का? कोण ओळखतं यांना तिकडे?”

रंगरावांनी त्यांचा दंड धरला. हवालदारांना एवढ्या रागात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

परदेशी बाईला अर्धवट कळलं होतं, उरलेलं विजयमालाने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. बाई खुर्चीत बसली आणि म्हणाली, असल्या पैशाने गरिबी हटते का, यावर आमच्याकडे आधीच वाद आहे. आता मला या जिल्ह्याची मदत थांबवा असंच कळवावं लागेल.

विजयमालाने ते शाहजादीला सांगितलं. शाहजादीच्या डोळ्यांत अंगार पेटला.

“चोरी यानं केली, अन् हात आमचे कापता? मले चक्की भेटली, त माहा पोरगा शिकला. हिले नाई भेटली, त हे हात पाहा.” तिने पौर्णिमाबाईंचे सोललेले तळवे धरून बाईपुढे केले. “एकच जिल्हा, सारकीच गरिबी. पैशानं काही होत नसन, त आमच्या दोघींत हा फरक कायचा, ते सांग मले! पैसा पोचला तिथं कामी आला. नाई पोचला, त कुठं अडकला हे पाहाले तू वर्षभर एकदा तरी न सांगता आली का? आली त हार घालून घ्याले आली!”

बाईने गोंधळून पवनसरांकडे पाहिलं. दंड पोलिसाच्या मुठीत, तरी सवयीने ते पुढे झुकले आणि इंग्रजीत हसून म्हणाले, “ती तुमचे आभार मानते आहे.”

“चूप!” विजयमाला कडाडली. “तिनं कोणाचे आभार मानले नाई.”

तिने खुर्ची ओढली, त्या बाईच्या समोर बसली आणि शाहजादीचा शब्द न् शब्द, शेवटच्या हारासकट, तिला सांगायला सुरुवात केली.