दोघांच्या मापाचा ओटा

"त्याचा खोकला मला बरा वाटत नाही गं," मावशी म्हणाली होती. मावशी इस्पितळात नर्स. "दगड कापणाऱ्यांच्या छातीत धूळ बसते. लग्नाआधी एकदा एक्स-रे काढून घे म्हणावं."

"मावशी, तुला जिथे तिथे पेशंटच दिसतात!" असं म्हणून तिनं ते हसण्यावारी नेलं.

त्याची न् तिची गाठ पडली होती ती दगडाच्या दुकानात. नव्या घरासाठी ती ओटा निवडायला गेली होती, आणि क्वार्ट्झच्या एका पांढऱ्याशुभ्र दगडावर तिची नजर खिळली होती.

"चहाचा डाग पडला की रडाल," मागून आवाज आला. ओटे कापून बसवणारा तो; केसांत धूळ, हातात मापाची टेप.

"मी नाही रडत कशालाही."

"मग घ्या. सिंक मात्र खोल घ्या. उथळ सिंकमध्ये भांडी कमी आणि आपणच जास्त भिजतो."

तिला हसू फुटलं. "आणि ओट्याची उंची?"

"कोपर दुमडा. त्याच्या खाली चार बोटं... तिथे ओटा." त्यानं चार बोटं तिच्या कोपराखाली नुसतीच हवेत धरली. स्पर्श झालाच नाही— तरी तिला तो दिवसभर जाणवत राहिला.

ओटा बसवायच्या दिवशी तो म्हणाला, "सिंकची जागा इथेच कापावी लागेल. पाणी सोडत कापतो, म्हणजे धूळ उडत नाही. थोडा चिखल होईल."

"नको ना! नवीकोरी कपाटं फुगतील. कोरडंच कापा... माझ्यासाठी."

त्यानं पाण्याची नळी बाजूला ठेवली. मग तोंडाला रुमाल बांधला आणि दार लावून घेतलं.

दार उघडलं तेव्हा त्याच्या पापण्यांवर पांढरी भुकटी बसली होती. ओल्या फडक्यानं पुसता पुसता ती म्हणाली, "अगदी म्हातारे दिसताय!"

"बघून ठेवा. पुढे असाच दिसणार आहे..." त्याला खोकला आला. ती हसतच होती. तेवढ्यात तिचं लक्ष ओट्याकडे गेलं.

"अहो, माप चुकलंय! उंच झालाय हा."

"दोनच बोटं." त्यानं मान खाली घातली. "भांडी मी घासीन म्हणतो... चालेल?"

तिनं ओट्यावरून हात फिरवला. "चालेल."

आज त्यांची लेक तीन वर्षांची आहे. "बाबा, फुगा!" म्हणत ती धावत येते. तो दोन फुंका मारतो आणि खुर्चीचा हात धरून खाली बसतो. "दम खातो गं जरा, मग फुगवू." धुळीनं फुफ्फुसं दगडासारखी घट्ट होत चालली आहेत, ती आता पूर्ववत होणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. दगड कापणं सुटलं. भांडी तो अजून घासतो, दोन-दोन करून. त्याचा श्वास ऐकू येऊ नये म्हणून ती नळ उगाच मोठा सोडते. ते 'माझ्यासाठी' तिला अजून बोचतं. त्यानं मात्र त्यावरून तिला कधी एका शब्दानं बोल लावला नाही.

तुमच्या घरचा ओटा कुणी बसवला, आठवतंय? त्याचा नंबर शोधा. आजच फोन करा. बोलता बोलता तो श्वास घ्यायला मध्येच थांबतोय का, नीट ऐका. आणि एक्स-रे काढलास का, विचारा. तो हसून टाळेल— टाळू देऊ नका.