टोपीतलं पीस

कंपनवाचक यंत्राच्या पडद्यावर हेर हणमंते पाठमोरा उभा होता. ऐन वैशाखात अंगात लांब रेनकोट, कॉलर वर केलेली, आणि लपूनछपून फिरणाऱ्या या हेराच्या टोपीत हातभर मोराचं पीस! ‘सावलीचा खून’ हा चित्रपट गंभीर हेरपटांची टिंगल करण्यासाठीच काढलेला होता.

हणमंतेचं काम करणारे दामोदर खांडके चित्रीकरण संपताच वारले. त्यानंतर दोन महिन्यांनी मृणालिनीचा जन्म झाला. दामोदरांचा आवाज किनरा, म्हणून पडद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी भारदस्त आवाज घातलेला. वडिलांचा खरा आवाज कुठेच उरला नव्हता. तो मिळेल या आशेनं मृणालिनीबाई प्रयोगशाळेत आल्या होत्या.

“आवाजानं हलकी वस्तू थरथरते,” डॉ. तांबोळी म्हणाले. “चित्राच्या प्रत्येक चौकटीत ती थरथर किंचित पुसटपणा होऊन उरते. तो मोजला की आवाज परत मिळतो. पीस तर यासाठी उत्तमच. पण...” ते ओशाळले. “जमलं नाही, ताई. वाट दाखवायला म्हणून यंत्राला छापील संवाद दिले होते. ‘बाई, खुनी याच खोलीत आहे.’ एक अक्षर जुळत नाही.”

“जुळेल कसं?” मृणालिनीबाई हसल्या. “कॅमेरा खडखडायचा, म्हणून आवाज मागाहून भरायचे. पाठमोऱ्या माणसानं वाक्य पाठ कशाला करायचं? आई सांगायची, बाबा तोंडाला येईल ते बडबडायचे. ते संवाद काढून टाका बघू.”

तांबोळींनी संवाद काढले, कॅमेऱ्याची खडखड गाळली. पडद्यावर रहस्यमय सुंदरी झालेली आई पायघोळ फरकोटात पिस्तूल रोखून उभी होती. नेमकी इथंच ती हसते. समीक्षकांनी तेव्हा त्यावरून तिला झोडपलं होतं.

पीस हललं. एक बारीक, चिरका आवाज आला.

“पायाशी वायर आहे, जप. आणि कोटाच्या आत जे कोणी आहे ना, त्याला सांग, बाप भित्रा आहे, पण माणूस बरा आहे.”

आई हसली.

“आईला सातवा होता,” मृणालिनीबाई कशाबशा म्हणाल्या. “म्हणून तो कोट.”

“चित्रपटात हाच आवाज घालू या?”

“छे! मग खुनी कसा सापडायचा?” त्यांनी पदरानं डोळे टिपले. “जन्मभर वाट पाहिली, डॉक्टर. आज पहिल्यांदा ऐकला.”

तांबोळी संकोचले. पण शास्त्र ते शास्त्र.

“सातव्या महिन्यात बाळाला ऐकू येतं, ताई. हा दुसऱ्यांदा.”

मृणालिनीबाई पडद्यावरच्या त्या कोटाकडे बघत राहिल्या.

“मग तिसऱ्यांदा लावा,” त्या म्हणाल्या.