गावात बाहेरचं कोण आलं?

तानुबाईनं पदराची गाठ सोडली आणि घडी घातलेलं वर्तमानपत्र लीलाधरच्या टेबलावर ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. पण आपल्या माणसाला या कागदापायी धरून नेलं, एवढं तिला ठाऊक होतं.

"हाई तूच लिखेल शे ना?"

लीलाधर जळगावच्या 'गिरणाकाठ' साप्ताहिकाचा संपादक, बातमीदार आणि मुद्रितशोधक. तिन्ही कामं एकाच माणसाकडे असल्यामुळे तिथं कोणी कोणाची चूक काढत नसे. आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा, अंक तेवढा दोन दिवस उशिरा निघाला होता. संपादकांना कलिंगड बाधलं होतं. त्यानंतर तीन आठवड्यांनी, गेल्या गुरुवारी, मथळा झळकला: 'भिल्लांच्या पालांतून पिंपळकोठ्यात पटकी'. कॉलऱ्याची बातमी, त्यात 'भिल्लांच्या पालांतून' हे शब्द. अंक हातोहात संपला.

पालांवरच्या बायकांना विहिरीला शिवायची मुभा नव्हती; गावातली कुणी ना कुणी वरून पाणी ओतून देई. अंक गावात पोचला आणि ते थांबलं. तिसऱ्या दिवशी तानुबाईचा नवरा वना स्वतःच विहिरीवर गेला. "घाण कालवतोय," म्हणून लोकांनी त्याला चौकीत नेऊन दिलं. उद्या मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं होतं. पुरावा हाच अंक.

"सात पालं शेतस," तानुबाई म्हणाली. "पाणी कोठून आनू?"

लीलाधरनं सायकल काढली. दया आली म्हणून नव्हे. कोर्टात आपला अंक वाचला जाणार, तर बातमी पक्की असलेली बरी, एवढीच काळजी.

असोदा गाव मागं टाकून तो पिंपळकोठ्यात शिरला. वेशीतच विहीर. काठावर बायका धुणी आपटत होत्या आणि मळकं पाणी दगडांच्या सांध्यांतून परत विहिरीतच ठिबकत होतं.

पोलीसपाटील कौतिकआबा त्याच्या बायकोचे, कुंदाचे, लांबचे चुलते. "या जावईबापू. कुंदा बरी ना? आखाजीला आली ती धुण्याचं गाठोडं घेऊन. म्हटलं, जळगावच्या नळांना झालं काय?"

"नळ वैशाखात रुसतात, आबा. मला पटकीचं विचारायचंय. किती मेले म्हणालात?"

"चार. चारही पालातले. तुम्ही छापलंय की."

"गावात बाहेरून दुसरं कोणी आलं होतं?"

"कोणी नाही. हे भिल्ल तेवढे. केळीच्या बागेत खोदायला चोपड्याकडून आले."

"कधी?"

"आखाजी होऊन आठ दिवसांनी."

"मृत्यूची वही दाखवा. पटकीच्याच नोंदी नकोत, सगळ्या."

आबांचा हात वहीवरच राहिला. "मागं तर तुम्ही पटकीचंच विचारलं होतं."

"तिथंच चुकलो."

वही उघडली. पालांवरचा पहिला मृत्यू आखाजीनंतर बारा दिवसांनी. त्याच्या वरच्या ओळी लीलाधरनं बोट ठेवून वाचल्या. तिसऱ्या दिवशी ताईबाई, वय ऐंशी, ऊन लागून. पाचव्या दिवशी सुगंधाबाई, ऊन लागून. सहाव्या दिवशी निंबा, ऊन लागून.

"आबा, ताईबाई म्हणजे कुंदाची आजी. तीन वर्षं माजघरातल्या खाटेवरून उठली नव्हती. तिला ऊन कुठं गाठलं?"

आबांनी वही आपल्याकडे ओढली.

"जुलाब होते?"

"होते."

"उलट्या?"

"त्याही."

"मग ऊन का लिहिलं?"

"घरोघर माहेरवाशिणी आलेल्या," आबांचा आवाज खाली आला. "पटकी लिहिली असती तर कुठल्या सासूनं पोरीला उंबरा ओलांडू दिला असता? माहेराहून रोग आणला म्हणून जन्मभर ऐकवलं असतं. मी पोरींची अब्रू राखली, भाऊ."

"किती पोरी आल्या होत्या?"

"तीस-बत्तीस."

"तितक्याच गावांहून. आणि मला म्हणता, बाहेरचं कोणी आलं नाही."

आबांनी खरोखरच गोंधळून पाहिलं. "लेकी काय बाहेरच्या असतात?"

लीलाधर वही आणि आबांना घेऊन जळगावला निघाला. आबांना चौकीकडे पाठवून तो आधी घरी गेला. कुंदाला त्यानं एकच प्रश्न विचारला. उत्तर ऐकून तो पाणीही न पिता बाहेर पडला.

चौकीत फौजदार, आबा आणि कोपऱ्यात तानुबाई. गजांआड वना उकिडवा बसलेला.

"वनाला सोडा," लीलाधर म्हणाला. "तो गावात आला त्याआधी तिघं पटकीनं गेले होते. गावच्या मड्यांना ऊन लागलं आणि पालातल्यांना पटकी झाली. रोग एकच, नावं दोन. मी फक्त पटकी मोजली. मग ती सगळी पालातच सापडणार. पालांनी रोग आणला नाही, पालांना तो विहिरीतून मिळाला."

"आणि विहिरीत कुठून आला?" फौजदारानं विचारलं.

लीलाधरनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आखाजीच्या आधी दोन दिवस मी आडवा होतो. जुलाब, उलट्या. मी त्याला कलिंगड म्हटलं. आबा ऊन म्हणाले, तसंच. घरात पाणी नव्हतं, म्हणून ती घाणेरडी धोतरं माझ्या बायकोनं गाठोड्यात बांधून माहेरी नेली. विहिरीच्या काठावर धुतली. त्याच हातांनी आजीला भरवलं."

आबांनी मान खाली घातली.

"म्हणजे तुमच्या मंडळींनी..." फौजदार म्हणाला.

"तिचं नाव घेऊ नका. धोतरं माझी होती."

"पण ती पटकीच होती, कशावरून?"

"ठाम सांगता येत नाही. बत्तीस जणींतल्या आणखी कुणाबरोबरही आली असेल. वनाविरुद्ध माझ्याकडे एवढासुद्धा पुरावा नव्हता, फौजदारसाहेब. तरी मथळा ठाम होता. माझा जबाब लिहा. येत्या अंकात पहिल्या पानावर हेच येईल, माझ्या नावानिशी."

"खप बसेल तुमचा."

"बसू दे."

त्याच दिवशी वना सुटला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आला, विहिरीत लाल औषध पडलं, काठावरचं धुणं बंद झालं. त्याच्या पुढच्या सकाळी तानुबाई दोन घागरी घेऊन वेशीत उभी राहिली. बायका जमल्या, कोणी ओतायला पुढं होईना. आबा पारावरून पाहत होते, पण उठले नाहीत.

लीलाधर मुद्दाम आला होता. शरमेनं त्याला दोन रात्री झोप नव्हती. काहीतरी हातानं फेडावं, असं त्याला वाटत होतं. त्यानं पुढं होऊन दोराला हात घातला.

"तू नको काढू, भाऊ," तानुबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुले बी पटकी व्हयेल व्हती ना."

बायकांपैकी कोणी हसलं नाही. लीलाधरनं दोर सोडला आणि तो काठावरून दोन पावलं मागं सरला. तानुबाईनं दोर स्वतःच्या हातात घेतला, बादली खाली सोडली. तिला कोणी अडवलं नाही.