रंगवलेली कळ

"बुटके, कळ हलतच नाहीये!" तिचा दोस्त पहिलवान ओरडला.

ढग गडगडले, तशी बुटकी पाइपाकडे धावली. वस्तीच्या सभागृहाच्या छपरावरचं पाणी पाइपातून शोषखड्ड्यात जायचं, खडी-वाळूतून गाळलं जाऊन जमिनीत मुरायचं, आणि शेजारच्या बोअरला पाणी वाढायचं. पण पावसाचं पहिलं पाणी छपराची घाण आणतं, म्हणून पाइपाची कळ आधी गटाराकडे वळवायची आणि मगच खड्ड्याकडे. बाहेरगावी जाताना आत्याने हे काम आपल्या भाचीवर, बुटकीवर सोपवलं होतं. गेल्या उन्हाळ्यात बोअर आटली, तेव्हा सगळ्या वस्तीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"परवा तर अलगद फिरत होती!" बुटकी म्हणाली.

सोबतच्या चष्मिषने नाक जवळ नेलं. "अगं, हिला रंग फासलाय! सांध्यातसुद्धा!"

सभागृह रंगवायला आलेले रंगारीकाका ओट्यावर निवांत चहा पीत बसले होते.

"काका, ही कळ रंगवलीत?"

"मग! तसूभर जागा सोडली नाही!"

"आणि छपरावर काय आहे?"

"जुन्या रंगाची खरवड. टर्पेंटाइनचा डबाही कलंडला सकाळी. पाऊस धुऊन नेईल की!"

तिघे गारच पडले. कळ तर खड्ड्याकडे वळलेलीच अडकली होती! खरवड वाळूत अडकली असती, पण टर्पेंटाइन? ते थेट बोअरमध्ये!

टप! टप! पत्र्यावर थेंब वाजू लागले. पहिलवान कळीला लोंबकळला.

"मोडशील रे!" बुटकीने त्याला मागे ओढलं. "काका, ब्रश कशाने धुता?"

"टर्पेंटाइनने."

"मग उरलेलं द्या! लवकर!"

भिजवलेलं फडकं बुटकीने सांध्याभोवती गुंडाळलं. चष्मिष काकांच्या लोखंडी पत्रीने रंग खरवडू लागला. वर पन्हळीत पाणी खळखळलं. बुटकीला रडूच येत होतं.

"आता! जोर लावा!"

कर्रर्र! कळ फिरली आणि त्याच क्षणी उग्र वासाचं, तेलकट पाणी भसाभसा गटाराच्या बाजूने बाहेर पडलं!

मग अर्धा तास चष्मिष ओंजळ ओंजळ पाणी हुंगत राहिला. वास पार गेल्यावरच बुटकीने कळ खड्ड्याकडे वळवली.

संध्याकाळी आत्या आली. सगळं ऐकून तिने भाचीला घट्ट जवळ घेतलं. "मी असते ना, तर घाबरून कळच मोडली असती! शाबास रे पोरांनो!"

सकाळी तिने बोअरचा पंप सुरू केला आणि पहिला पेला रंगारीकाकांपुढे धरला. काकांनी आधी वास घेतला, मग घाबरत एक घोट.

"गोड आहे," ते खाली मान घालून म्हणाले आणि ब्रश घेऊन उठले. थोड्याच वेळात कळीच्या वर भिंतीवर ठळक अक्षरं उमटली: 'ही कळ रंगवू नये. बुटकीला विचारावे.'